छंद : संगीत, सिनेमा, प्रवास

बऱ्याच दिवसांनी निवांत शनिवार मिळालाय. मधल्या काळात काय काय झालं ते आधी पटापट सांगून टाकतो. वाकडचा फ्लॅट सोडून कोथरूडला आलो (ऑफिस हिंजवडीलाच, म्हणजे रोज स्वतःच्या पायावर धोंडा. पण वाकडला दिवसाआड टँकर आणि इथे कोपऱ्यावर बाकरवडी, निर्णय सोपा होता). प्रमोशन झालं, पगार त्या मानानं जागचा हलला नाही. दर पाचव्या आठवड्याला ऑन-कॉल असतो, त्यामुळे रात्री अडीचला फोन वाजला की "कोण गेलं?" असं वाटायचं आता बंद झालंय. गुडघा बरा आहे. आणि वय अठ्ठावीस. म्हणजे आमच्या घरात ज्याला "आता बघायला लागलं पाहिजे" म्हणतात, ते सुरू होऊनही बरेच महिने लोटले.

सांगायचंय ते सिनेमा-गाण्यांबद्दलच. पण सध्या माझ्या आयुष्यातले सगळे रस्ते त्या बघण्याच्या कार्यक्रमावरून जातात, त्याला इलाज नाही.

तर बायोडेटा. माझा बायोडेटा आत्याच्या मुलानं वर्डमध्ये करून दिला. वर गणपती. मग जन्मवेळ, रास, नक्षत्र, देवक, मामांचं गाव. उंची, वर्ण, पगार (वार्षिक, कारण आकडा मोठा दिसतो). आणि सगळ्यात खाली, बहुतेक जागा उरली म्हणून : 'छंद - संगीत, सिनेमा, प्रवास'. गेल्या काही महिन्यांत मी मुलींचे साठेक बायोडेटा तरी वाचले असतील. त्यातल्या पन्नासांत हीच ओळ. कधी प्रवासाऐवजी वाचन, कधी ट्रेकिंग. अख्ख्या कागदावर माणूस म्हणून काही कळेल अशी एकच ओळ, आणि ती सगळ्यांची कॉपी-पेस्ट. उंची मात्र इंचापर्यंत अचूक.

खरं उत्तर लिहायला आपण टरकतो हेही आहेच. माझंच सांगतो. ऑन-कॉलच्या रात्री मी जे गाणं सगळ्यात जास्त वेळा वाजवलंय ते 'गुलाबी साडी' आहे. किशोरीताई नाही, कोल्डप्ले नाही, २०२४ सालचं संजू राठोडचं 'गुलाबी साडी'. आमच्या ग्रुपमधले दर्दी लोक नाक मुरडतात. मुरडोत. जळगाव जिल्ह्यातला एक पोरगा स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो, आणि ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही ते लोक दिल्लीतल्या लग्नात त्यावर नाचतात. अजय-अतुलनंतर मराठी गाणं सिनेमाच्या जोरावरच बाहेर जातं असं मला वाटायचं, ह्यानं सिनेमा न घेताच पाठवलं. शिवाय त्यातली पोरगी फोटो काढायला सांगते ती स्वतःच्या हौशेनं, नटलीये म्हणून. बायोडेटाबरोबर मागतात त्या फोटोचं बरोबर उलट. "एक फुल साइज पाठवा" असा मेसेज आमच्या काकानं माझ्यासमोर टाइप केलाय. फुल साइज म्हणजे काय, फ्रीज घ्यायला निघालोय का? पण तेव्हा मी काही बोललो नाही. हे 'बोललो नाही' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर २०२४. कराड. पहिलाच कार्यक्रम. आम्ही पाच जण : आई, बाबा, काका, मावशी आणि मी. पोहे चांगले होते. (मावशीनं गाडीत बसल्यावर त्यावरही अर्धा तास चर्चा केली, शेंगदाणे की काजू.) मुलगी एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. रीतसर प्रश्न झाले, मग "तुम्ही दोघं जरा बोला" म्हणून आम्हाला गच्चीत सोडलं. गच्चीत वाळत घातलेले कपडे, खाली कुणाचा तरी कुत्रा, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचत नाही.

तिनंच विचारलं, "शेवटचा कुठला सिनेमा पाहिलात?"

मी नुकताच 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' पाहिला होता. पण अशा वेळी आपण फार शहाणे दिसू नये असं वाटून मी म्हटलं, "असंच, ओटीटीवर काहीतरी बघतो." ती म्हणाली, "मी पायल कपाडियांचा पाहिला. इथे लागला नाही. एसटीनं पुण्याला आले, मैत्रिणीकडे राहिले, दुसऱ्या दिवशी परत."

मी मनात म्हटलं, बोंबला. मग कबूल केलं. ती हसली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेसची गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी गेला होता. सगळ्यांनी त्यातला पाऊस, लोकलचे निळे दिवे, छाया कदमची पार्वती ह्याबद्दल लिहिलं, आणि ते बरोबरच आहे. कागद नाहीत म्हणून घर सुटणारी आणि रत्नागिरीला परत जाणारी ती बाई मी जन्मात विसरणार नाही. पण आम्ही दोघं गच्चीत बोललो ते राइस कुकरबद्दल. मोठी नर्स प्रभा, तिचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. नवरा जर्मनीला गेलेला, फोनही बंद झालेले. एक दिवस जर्मनीहून पार्सल येतं, त्यात राइस कुकर. चिठ्ठी नाही, नाव नाही. आणि रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते. "माझी आई म्हणाली असती, कुकर तर पाठवला ना, वाईट काय त्यात," असं ती म्हणाली आणि आम्ही दोघंही एवढ्या मोठ्यानं हसलो की खालून काकाचा आवाज आला, "झालं का?"

दहा मिनिटं. मला ती आवडली होती. हे मी इथे पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडीत मावशी म्हणाली, "मुलगी हुशार आहे, पण रंग..." आणि वाक्य अर्धंच ठेवलं. आई म्हणाली, "हो ना." बाबांनी आरशात माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं काय?" मी म्हटलं, "तुम्ही बघा काय ते." चार शब्द. रात्री काकानं मेसेज टाकला : स्थळ उत्तम आहे, परंतु पत्रिका जुळत नसल्यामुळे पुढे जाता येत नाही, क्षमस्व. खाली जोडलेले हात. मी तो मेसेज फॅमिली ग्रुपवर वाचला, वर अंगठा दाबला आणि झोपलो.

पुढचे दोन महिने काही विशेष नाही. रिलीज होतं, धावपळ होती. अजून दोन कार्यक्रम झाले, त्यांच्याकडूनच नकार आला, पत्रिकेमुळेच. :)

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मिसेस' आला. आरती कडवचा, सान्या मल्होत्रा आहे, 'द ग्रेट इंडियन किचन' ह्या २०२१ च्या मल्याळी सिनेमाचा रीमेक. मूळ सिनेमा जास्त भेदक आहे, हिंदीत तो धुऊन-पुसून ठेवल्यासारखा वाटतो. पण एक गोष्ट 'मिसेस'मध्ये नीट जमलीय, ती म्हणजे नवरा. डॉक्टर आहे, तोही स्त्रीरोगतज्ज्ञ. बघायला येतो तेव्हा काय गोड. ओरडत नाही, मारत नाही. सासरा मिक्सरमधली चटणी नको, पाट्यावरची हवी म्हणतो तेव्हा हा फक्त जेवत असतो. आमच्या ऑफिसात ह्या सिनेमावर लंचला वाद झाला. निम्मे म्हणाले, "एवढं काय झालं, स्वयंपाक तर आहे." दुसरे निम्मे म्हणाले, "तो राक्षस आहे." मला दोन्ही पटेना. तो राक्षस नाही हेच तर अवघड आहे. तो मला ओळखीचा वाटत होता, पण कुठे पाहिलाय ते आठवत नव्हतं.

ते मार्चमध्ये आठवलं. ७ मार्च २०२५ ला 'स्थळ' लागला. आई डोळे तपासायला साताऱ्याहून आली होती, तिला घेऊन गेलो. मला वाटलं, लग्नाबिग्नाचा सिनेमा आहे, आईला मजा येईल. (मी ट्रेलर बघत नाही. हा त्याचा परिणाम.) थेटरात मोजून चौदा लोक.

जयंत दिगंबर सोमलकर ह्यांचा हा पहिला सिनेमा. २०२३ मध्ये टोरांटोला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, इथे यायला दीड वर्ष लागलं. विदर्भातलं खेडं, सविता नावाची शिकणारी मुलगी, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप. नट सगळे तिथलेच, नंदिनी चिकटे सविता झालीय आणि तिच्याकडे बघत राहावं असं काम आहे. सुरुवातच अशी होते की मुलगा मधोमध बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थेटरात हशा. आणि मग सविताला जाग येते, ते स्वप्न असतं. त्यानंतर हशा हळूहळू बंद होत जातो. कारण मग खरे कार्यक्रम सुरू होतात. पुरुषांचा घोळका येतो, ओळीनं बसतो, सविता समोर. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आवड काय. नकार. परत दुसरा घोळका, तेच प्रश्न, त्याच क्रमानं. परत.

हे लांबलंय, तोचतोचपणा आहे, अशी तक्रार माझ्या दोन मित्रांनी केली. मला वाटतं तोचतोचपणा हाच सिनेमा आहे. कंटाळा आपल्याला तिसऱ्या वेळी येतो, तिला उठून जाता येत नाही. ज्याला प्रत्येक सीनमध्ये काहीतरी 'नवीन' हवंय त्यानं वेब सिरीज बघावी. शेवट सांगणार नाही. विदर्भातली बोली कानाला लागायला दहा मिनिटं जातात, तेवढी द्या.

मी मात्र त्या घोळक्यातल्या नवऱ्या मुलाकडे बघत होतो. प्रश्न काका-मामा विचारतात. तो गप्प. लाजून नव्हे, गरजच नाही म्हणून. घोळका त्याच्यासाठी आलाय, आणि आख्ख्या खोलीत ज्याला काहीच करावं लागत नाही असा एकटा तोच. 'मिसेस'मधला जेवणारा नवरा, हा, आणि गाडीत मागच्या सीटवर बसून "तुम्ही बघा काय ते" म्हणणारा मी. ओळख पटली.

आमच्या धंद्यात ह्याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. कोडमध्ये चूक होऊ शकते अशी जागा असते, ती चूक पकडायची सोय केलेली असते, पण पकडल्यावर आत काहीच लिहिलेलं नसतं. चूक येते, गिळली जाते, प्रोग्राम हसतमुखानं पुढे चालू. लॉगमध्ये नोंद नाही. कोड रिव्ह्यूत कुणी असं पाठवलं तर मी तीन ओळींचं भाषण देतो.

सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर बाटलीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला नऊ जणांनी बघितलं होतं. तुझे बाबा दहावे."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात लग्नाची गोष्ट नेहमी दहाव्यापासूनच सुरू होते.

"आणि प्रत्येक ठिकाणी गाणं म्हणायला लावायचे," आई म्हणाली. ती गाणं शिकलेली, प्रवेशिका पूर्ण झाली होती. आजोबा मोठ्या कौतुकानं सांगायचे, मुलगी गाते. मग पेटी यायची. "तिसऱ्या का चौथ्या ठिकाणी एकच अंतरा झाला होता. मुलाचे वडील मध्येच म्हणाले, बास बास, आम्हाला गाडी गाठायचीय. मी तिथेच थांबले. पुढचा अंतरा पुढे कधी म्हटलाच नाही." कुठलं गाणं ते विचारलं तर सांगेना. पण मला आठवलं, रेडिओवर जुनी मराठी गाणी लागली की आई कधी कधी मध्येच उठून बंद करायची, आणि आम्हाला वाटायचं, हिला गाण्याची आवडच नाही. तिच्या बायोडेटात मात्र आवड असेलच : संगीत.

मी म्हटलं, "मग कराडला तू..."

"मला तेच आठवत होतं आत," आई म्हणाली. "मावशी बोलली आणि मी हो म्हटलं. पण तू तरी कुठे बोललास?"

ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्या आठवड्यात मी त्या मुलीला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला. शेवटी एवढंच पाठवलं की पत्रिकेचं कारण खरं नव्हतं, मला बोलायला हवं होतं, बोललो नाही, माफी मागतो. उत्तराची अपेक्षा नाही असंही लिहिलं (अर्थात अपेक्षा होती). दोन दिवसांनी उत्तर आलं : "कळलंच होतं. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. काळजी घ्या."

पत्रिका दिलीच नव्हती! एवढ्या मोठ्या जाणत्या लोकांनी एक खोटं बोलायचं ठरवलं आणि तेही तपासून बघितलं नाही. मी आधी हसलो, मग बराच वेळ गच्चीत जाऊन बसलो. पुढे काही झालं नाही. तिनं त्यापेक्षा जास्त काही बोलण्याचं कारणही नव्हतं. ज्यांना इथे सिनेमासारखा शेवट हवा होता त्यांची निराशा केल्याबद्दल क्षमस्व, खाली जोडलेले हात.

घरी मात्र भांडण झालं, चांगलं दोन तासांचं. त्यातून एवढं निघालं की नकार असेल तर फोन मी करायचा आणि खरं कारण सांगायचं. काकाला हे अजिबात आवडलेलं नाही. "नकाराचं कारण सांगणं म्हणजे त्यांचा अपमान," असं त्याचं म्हणणं. मला त्यात थोडं तथ्यही वाटतं. "तुमचा रंग आवडला नाही" हे फोनवर कुणाला सांगणार? पण मग गंमत अशी होते की जे तोंडानं सांगता येत नाही ते कारण म्हणून धरताही येत नाही. मावशीचं अर्धं वाक्य तिथेच मरतं. आत्तापर्यंत असा एकच फोन करावा लागला. चार मिनिटं चालला आणि माझा शर्ट ओला झाला. तिला परदेशी जायचं होतं, मला नाही, साधं कारण होतं. तरी जड गेलं.

आणि एक नकार मला आला, तोही थेट त्या मुलीकडून. "तुम्ही बरे वाटलात, पण दर पाचव्या आठवड्याला रात्री-अपरात्री उठणारा माणूस मला झेपणार नाही." वाईट वाटलं, पण काय वाईट वाटतंय ते नेमकं कळत होतं, आणि रात्री झोप लागली.

जुलै २०२५ मध्ये सगळं जग 'सैयारा' बघून रडत होतं, तेव्हा मावसबहिणींनी मलाही ओढून नेलं. माझं मत : गाणं उत्तम, सिनेमा ठीक. शीर्षकगीताच्या मागे काश्मीरची पोरं आहेत, फहीम अब्दुल्ला आणि अर्सलान निजामी, आणि फहीमच्या आवाजात जे थोडं ओरखडल्यासारखं आहे ते अरिजितच्या हजार नकलांमध्ये नाही. पण नायक-नायिकेचं प्रेम मला कळलं नाही. एवढी वही, एवढ्या कविता, आणि दोघं एकमेकांना साधी गोष्ट विचारत नाहीत. मला सिनेमातली सुरुवातच जास्त खरी वाटली. नायिका नोंदणी कार्यालयात लग्नासाठी येऊन थांबलीय आणि नवरा मुलगा फोनवर सांगतो की येत नाही. सगळं थेटर त्याला शिव्या घालत होतं. मीही घातल्या. पण एका बाजूला डोक्यात आलं, ह्यानं निदान स्वतः फोन केला, काकाला नाही लावला. (बहिणींना हे सांगितलं तर पॉपकॉर्न फेकून मारलं.)

आणि सप्टेंबरमध्ये 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे ह्यांचा. २०२५ च्या सुरुवातीला सनडान्सला जागतिक सिनेमा विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं होतं, आणि मुख्य म्हणजे मराठीत आहे. वडील गेले म्हणून मुंबईचा मुलगा दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि दहा दिवस नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, लग्न कधी? तो समलिंगी आहे, गावात त्याचा जुना मित्र आहे. कुठे भाषण नाही, कुठे रडारड नाही. दोन पुरुष शेतात बसून बोलतात आणि आपण श्वास रोखून बघतो. गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या मराठी सिनेमांत मी ह्याला सगळ्यात वर ठेवीन, 'स्थळ'च्याही वर.

त्यातही एक खोटं आहे. आई-वडिलांना मुलाचं सगळं माहीत आहे, आणि नातेवाइकांना सांगायला घरानं एक गोष्ट रचलीय, मुलीनं धोका दिला म्हणून तो लग्न करत नाही अशी. म्हणजे इथेही स्थळं परतवायला थापच. पण ही थाप मला टोचली नाही. ती मुलाला वाचवायला मारलेली आहे. आमची थाप आम्हाला वाचवायला होती. मी हे आईला इंटरव्हलमध्ये समजावून सांगायला लागलो तर ती म्हणाली, "कळतंय मला, समोसा खा."

ह्या वेळी आईच म्हणाली होती की मी येते. आता ती पुण्याला आली की पेपरात आधी सिनेमाचं पान काढते. बायोडेटामधली ती ओळ मी बदललीय. तिथे आता चार सिनेमांची नावं आहेत आणि 'गुलाबी साडी' आहे. बाबांनी वाचून विचारलं, "हे लोकांनी वाचायचं?" मी हो म्हटलं. तेव्हापासून येणारी स्थळं निम्म्यावर आलीत. आत्याचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट बिघडला.

'साबर बोंडं' संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला लाइन होती. आई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "त्या कराडच्या मुलीनं हा बघितला असेल का रे? तिकडे लागला असेल?"

मी म्हटलं, तिकडे लागला नसेल, पण तिनं बघितला असेल. मग आमचा नंबर आला, मी पार्किंगचे चाळीस रुपये दिले आणि गाडी बाहेर काढली.